वास्तवच्या पिंडाला कावळा शिवलाय, मांजरेकर साहेब

मा. महेश मांजरेकर साहेब यांस,

स.न.वि.वि.

पत्र लिहायला कारण झालं आमचा मांगर, म्हणजे बागेतली कामाची शेड. देवगड तालुक्यात आमची थोडी हापूसची कलमं आहेत, आणि सीझनला रात्री जेवणं उरकली की घरातले सगळे मांगरात पेट्या भरायला बसतात, खाली गवत, वर आंबा, परत गवत, पाच डझनाची पेटी, सहा डझनाची पेटी, आणि हाताला काम असलं की तोंड मोकळंच असतं. यंदा मुंबईची मंडळी मेच्या आधीच आली होती. त्यातल्या कोणीतरी सहज म्हटलं की वास्तव टू, म्हणजे तुमच्या त्या गॅंगस्टर रघूच्या पिक्चरचा पुढचा भाग, येतोय म्हणे, संजय दत्त आणि मांजरेकर परत एकत्र, चर्चा चालूय. संपलं. त्या रात्री साडेबारा वाजले तरी अकरा पेट्याच भरल्या होत्या, एरवी वीस होतात.

दोन पार्ट्या पडल्या. विरारचा चुलतभाऊ एकदम पेटलेला, की आलाच पाहिजे, पहिल्या दिवशी पहिला शो. आणि आमचे धाकटे काका, जे जत्रेत दशावतार असला की पहाटेपर्यंत हलत नाहीत, ते आंब्यावरून हात न काढता बोलले, "रघ्या मेलो मगे? आवशीन स्वतः गोळी घातल्यान. हो काय दशावतार आसा, मेललो राक्षस उठान च्या पिवक जाता?" सगळे हसले, चुलतभाऊ सोडून. त्यानं मग शेवटपर्यंत जो वाद घातला तो चार रात्री चालला, आणि शेवटी मला सांगितलं गेलं की तू लिहितोस ना बरं, तर लिही त्यांनाच. म्हणून हे. खुलं लिहितोय कारण तुमचा पत्ता नाही माझ्याकडे, आणि दुसरं म्हणजे चुलतभावानंही वाचावं, तोंडावर मला बोलूच देत नाही तो.

आधीच सांगतो, मी तुमचा फॅन आहे. असा फॅन नाही की काहीही आणा मी शिट्ट्या मारतो. पण वास्तव १९९९ ला आला तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि आमच्या गावापासून थिएटर म्हणजे दीड तासाची एसटी, त्यामुळे पिक्चर आधी आमच्यापर्यंत पोचला तो रघूच्या गळ्यातल्या सोन्याच्या चेनच्या रूपात. थोरला आतेभाऊ दिवाळीला मुंबईहून आला तो केस मागे वळवून आणि चालताना खांदा एका बाजूला पाडून. मग महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेत त्यानं ऐंशी रुपयाला ती जाडजूड पिवळी चेन घेतली, गळ्यात घालून समुद्राच्या कडेनं तो असा चालला की मागून आम्ही पाच-सहा पोरं आपोआप गॅंगसारखी चालायला लागलो. देवगडच्या खाऱ्या हवेत ऐंशी रुपयाचं सोनं किती टिकणार हो. पंधरा दिवसात मानेवर हिरवा पट्टा उठला. आजीनं चेन काढून घेतली, चिंचेच्या कोळात घातली, तांब्याच्या भांड्यासारखी घासली, तर पिवळं होतं तेवढंही निघून गेलं. आतेभाऊ दोन दिवस जेवला नाही. आज तो रिक्षा चालवतो, तीन मुली आहेत, एकदम सज्जन माणूस, पण वास्तवचं नाव काढलं की अजून त्याचा हात मानेकडे जातो. हे मी स्वतः बघितलंय, मांगरात, याच सीझनला.

पिक्चर मी बघितला तो नंतर, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, व्हीसीडी आणून, दोन डिस्कवाली. पहिली डिस्क संपली आणि लाईट गेली. आता आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, पण एक माणूस उठून घरी गेला नाही. कंदील लावून सगळे पडवीत बसून राहिले आणि पुढं काय होणार यावर पैजा लागल्या. रात्री एक वाजता लाईट आली आणि दुसरी डिस्क लागली. आजी तेव्हा सत्तरीच्या पुढं, हिंदी तिला निम्मं कळायचं, पण सुरुवातीलाच जे किनाऱ्यावर घरचे लोक वर्षश्राद्ध करतायत आणि तो छोटा पोरगा विचारतो की हे कोणाचं, ते तिनं पक्कं धरून ठेवलं होतं. तिला पहिल्या पाच मिनिटातच माहिती होतं की हा मेलेला आहे. आम्ही पोरं मात्र शेवटपर्यंत वाचेल वाचेल म्हणत बसलेलो. आणि शेवटी रघूची आई झालेल्या रीमाताई लागूंच्या हातात ते पिस्तूल, आणि तो पोरासारखा गयावया करतोय, आणि गोळी सुटली. पडवीत कोणी हललं नाही. आजीच बोलली, अगदी हळू, "आवशीन बरां केल्यान. सुटलो झील एकदाचो." आवस म्हणजे आई, झील म्हणजे मुलगा.

साहेब, माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आहे, पण चुलतभावाला ते पटत नाही म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

त्याचं म्हणणं असं की रघू मेला तर मेला, त्याचा पोरगा आहे ना, तो मोठा झाला असेल, त्याची स्टोरी करा. मी म्हटलं अरे बाबा केली की. २००२ ला. हथियार नाव त्या पिक्चरचं, रघूचा पोरगा रोहित, आणि तोही संजय दत्तच, सोबत शिल्पा शेट्टी. तर हा माणूस, जो स्वतःला वास्तवचा सगळ्यात मोठा फॅन म्हणवतो, त्याला हथियार हा वास्तवचाच पुढचा भाग आहे हेच माहिती नव्हतं! त्यानं तो टीव्हीवर बघितला होता आणि वेगळाच पिक्चर समजून विसरूनही गेला होता. आता मला सांगा, याच्यापेक्षा जास्त परीक्षण कुठला समीक्षक लिहिणार. तीनच वर्षांनी आलेला सिक्वेल, तोच हिरो, तोच डिरेक्टर, तेच आडनाव, आणि कट्टर फॅनच्या डोक्यात त्याची नोंदच नाही.

म्हणजे वास्तव टू वर वाद घालणारे आपण सगळे खरं तर वास्तव थ्री वर वाद घालतोय. हे मी बोललो तेव्हा काकांनी पेटीवर खिळा ठोकता ठोकता मान हलवली, तेवढाच मला एक पॉइंट.

आणि पोरग्याचा रोल करणार कोण? संजूबाबांनी साठी ओलांडलीय. कंप्युटरवर तरुण करणार म्हणतात आजकाल. करतील, पण वास्तवमधला रघू जो शेवटी घाबरून थरथरतो, डोळे असे भिरभिरतात, ते संजय दत्तच्या त्या वेळच्या चेहऱ्यावर होतं, त्याला त्या वर्षीचं फिल्मफेअर उगाच मिळालं नाही, ते सॉफ्टवेअरमध्ये कुठून आणणार. आणि समजा रघूचं जमवलंत, रीमाताईंचं काय? २०१७ ला गेल्या त्या. ज्या हातानं पिक्चर संपवला तो हातच नाही. दुसरी कोणी तिथं उभी केलीत तर आमची आजी नसली तरी आमच्या घरातल्या बाकीच्या बायका उठून जातील, हे लिहून देतो.

आता तुमच्या कारकिर्दीबद्दल. रागवू नका. मांगरात यावरच जास्त रात्र गेली.

आमच्याकडे हापूसमध्ये साका नावाचा प्रकार असतो. बाहेरून आंबा एक नंबर, रंग, वास, देठ, सगळं परफेक्ट, आणि कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखा गर, चव नाही. बाहेरून कोणी ओळखू शकत नाही, पन्नास वर्षं बागेत काढलेला माणूससुद्धा नाही. तर धाकटे काका म्हणाले मांजरेकराची पेटी अशी आहे, एक आंबा खाल्ला तर डोळे मिटतील आणि त्याच्याच शेजारचा साक्याचा. आणि देणारं झाड एकच.

नुसतं २००० साल घ्या. त्या एका वर्षात तुमचे चार पिक्चर. निदान, एड्सवरचा. कुरुक्षेत्र, संजय दत्तचा पोलिसवाला. जिस देश में गंगा रहता है, गोविंदाचा. आणि अस्तित्व. तब्बूचा अस्तित्व, हिंदी आणि मराठी दोन्हीकडे केलेला, ज्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे चारही एकाच डोक्यातून एकाच वर्षात कसे निघतात हे मला पंचवीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही. कुरुक्षेत्र आणि गोविंदावाला आम्ही बघितले, टाइमपास झाला, विसरलो. अस्तित्व बघून आमच्या एका काकूनं काकांशी तीन दिवस धड बोलणं टाकलं होतं आणि काकांना कळेना की आपण काय केलं. पिक्चरनं एवढं केलं म्हणजे बास की हो.

पुढं पण तेच. २००५ ला विरुद्ध, अमिताभ आणि शर्मिला टागोर, म्हातारा-म्हातारीचं ते घर इतकं खरं की वाटावं शेजारच्या बिल्डिंगमधलं, आणि त्याच वर्षी पद्मश्री लालू प्रसाद यादव नावाचाही एक पिक्चर तुमचा. २०१६ ला एक जानेवारीला नटसम्राट, कुसुमाग्रजांचं नाटक, आमच्या कोकणातला मुरुडचा नाना पाटेकर, समोर विक्रम गोखले. ते दोघं बसून बोलतात तो सीन बघताना आमच्या रांगेतला एक अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून रडत होता आणि मी काढला नाही हात. त्याच्या पुढच्या वर्षी तुमचा एफयू आला. त्यावर मी काही लिहीत नाही.

चुलतभाऊ म्हणतो अरे धंदा आहे, पोट आहे, सगळ्यांनाच करावं लागतं, आणि एवढे करतो म्हणून त्यातले चार चांगले निघतात, कमी केले असते तर तेही निघाले नसते. यात दम आहे, मी नाकारत नाही. झाडाला दरवर्षी बहर येत नाही आणि येतो तेव्हा सगळी फळं सारखी नसतात. पण मला त्यात एक गोष्ट दिसते ती मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नव्हती कारण जरा चमत्कारिक वाटेल. तुमचा पिक्चर घराच्या आत असला की तुम्ही चुकत नाही. वास्तव लोकांना गॅंगस्टरचा पिक्चर म्हणून आठवतो, पण मला आठवतो तो शिवाजी साटमांचा चेहरा, पैसे आणणारा पोरगा दारात उभा आहे आणि बापाला त्याच्याकडे बघवत नाही. गोळीबार तेव्हा बाकीचेही दाखवत होते. बाप-लेकाच्या मधला तो उंबरठा तुम्ही दाखवलात. आणि जिथं घरच नाही, नुसता हिरो आणि त्याच्या एंट्र्या, तिथं साका.

हा नियम शंभर टक्के नाही, मला माहितीय. नाय वरण भात लोन्चा कोन नाय कोन्चा, २०२२ चा, त्यात चाळ होती, घर होतं, मूळ कथा जयंत पवारांची होती, म्हणजे तुमच्याकडं सगळं होतं, आणि तरी मला तो बघवला नाही. ट्रेलरवरून एवढा गोंधळ झाला त्यामुळं नाही. पवारांच्या लिखाणात हिंसेच्या आधी जी शांतता असते तीच नव्हती त्यात. आणि याच पवारांच्या अधांतर नाटकावरून तुम्ही २०१० ला लालबाग परळ केला होतात, तो चांगला होता. म्हणजे लेखक तोच, मुलूख तोच, डिरेक्टर तोच, आणि तरी. आंबा कापल्याशिवाय कळत नाही हेच खरं.

लालबाग परळवरून आमच्या चुलतभावाचं सांगतो, कारण तिथं त्या वादाची मूळ गाठ आहे असं मला हळूहळू कळलं.

त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले काका, गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर, आणि तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. काका वर्षभर वाट बघून एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावाला आले आणि परत गेले नाहीत. काकू मात्र राहिली, लालबागच्या खोलीत, खानावळीचे डबे करून तिनं पोरं वाढवली. चुलतभाऊ त्या खोलीत वाढला. वास्तव त्यानं तिथल्याच थिएटरला बघितला, चाळीतल्या बारा पोरांबरोबर. पुढं ती चाळ पडली, टॉवर आला, हे विरारला गेले, बारापैकी कोण कुठं त्याला पत्ता नाही. शिवलकर हे आडनाव आमच्या पट्ट्यातलं, त्यामुळं पडद्यावर रघुनाथ नामदेव शिवलकर असं पूर्ण नाव आलं की ही पोरं ओरडायची, जसं काही त्यांच्याच चाळीच्या पाटीवर लिहिलेलं होतं. हिंदी पिक्चरच्या हिरोला गावाकडचं आडनाव, बापाच्या नावासकट. आमच्यासाठी तेव्हा ते फार होतं, साहेब.

चौथ्या रात्री सगळे झोपायला गेल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो, बल्बभोवती पाकोळ्या, शेवटच्या पेटीला दोरी बांधत होतो, आणि मी त्याला विचारलं, तुला नक्की काय बघायचंय त्या पार्ट टू मध्ये? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ती गॅलरी बघायचीय रे. कॉमन गॅलरी, दोरीवर कपडे, कोणाच्या तरी घरातून सुक्या बांगड्याचा वास. परत कोण दाखवणार?

म्हणजे बघा. भाई रघूसाठी भांडतच नव्हता.

म्हणून मला भीती वाटते. माझ्या चुलतभावासारखे हजारो असणार जे तिकीट काढतील गॅलरीसाठी आणि त्यांना मिळेल स्लो मोशन. दुबईचा एखादा सीन, गाड्या उडतायत, मध्ये एक आयटम साँग, आणि जुना डायलॉग परत एकदा, म्हणजे थिएटरात शिट्ट्या. ती चेन सुद्धा परत येणार, आता पन्नास तोळ्यांची शंभर तोळ्यांची होणार, मला स्वच्छ दिसतंय.

दे धक्काचं काय झालं ते आठवा. २००८ चा पहिला, तो तुमच्या डिरेक्शनचा नव्हता, सुदेश मांजरेकर आणि अतुल काळे यांचा, पण घरचाच म्हणायचा. एक बंद पडणारी सहा आसनी, तिला ढकलल्याशिवाय स्टार्ट होत नाही, आणि त्या गाडीत कोंबलेलं एक कर्जबाजारी कुटुंब पोरीच्या डान्स स्पर्धेसाठी मुंबईला निघालंय. बास एवढंच. आमच्याकडं आज पण टीव्हीवर लागला तर चॅनल बदलत नाहीत. २०२२ ला दुसरा आला, त्यात तुम्हीही डिरेक्शनला, आणि ते कुटुंब गेलं लंडनला. अहो ज्या माणसांची गंमत ही होती की गाडी घाट चढेल की नाही, त्यांना विमानात बसवल्यावर ढकलायचं काय? पुन्हा शिवाजीराजे भोसलेचं मात्र जरा वेगळं. २००९ चा पहिला संतोष मांजरेकरांनी डिरेक्ट केलेला आणि महाराज तुम्ही स्वतः झालेलात, २०२५ ला तुम्ही डिरेक्शन केलंत आणि विषय शेतकरी आत्महत्यांचा घेतलात. ती पुढची गोष्ट नव्हती, नवं दुखणं होतं. त्या दुखण्यासाठी महाराज परत येतात हे समजू शकतो. रघू कशासाठी परत येणार? त्याला काय सांगायचं राहिलंय?

आता काकस्पर्श. हे मला सगळ्यात शेवटी लिहायचं होतं.

२०१२ ला मी आणि आत्या गेलो होतो बघायला. आत्या बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली, आमच्याच घरी राहिली, सिनेमाला ती सहसा यायची नाही, पण कोणीतरी सांगितलं की कोकणातलं जुनं घर दाखवलंय, म्हणून आली. उषा दातारांची कथा, सचिन खेडेकर, प्रिया बापट. धाकट्या भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही, सगळे थांबलेत, ऊन चढतंय, आणि मग थोरला भाऊ हरी पुढं होऊन पिंडाशी काहीतरी पुटपुटतो आणि कावळा येतो. थिएटरात मी आत्याकडं बघितलं. तिचे हात जोडलेले होते, तिलाही माहिती नव्हतं ते. परत येताना एसटीत दीड तास ती एक शब्द बोलली नाही आणि घराची पाणंद आल्यावर म्हणाली, आमच्यांक पण उशिरान शिवलो होतो. तेवढंच. माझ्या काकांबद्दल, म्हणजे तिच्या नवऱ्याबद्दल, तिनं त्याच्या आधी किंवा नंतर माझ्यासमोर कधी तोंड उघडलं नाही.

ज्यांच्या घरात दिवसकार्य झालंय त्यांना सांगायला नको. पिंड ठेवतात, सगळे लांब होतात, काव काव करून हाका मारतात, कोणीतरी म्हणतं पोरांचं बघतो आम्ही काळजी करू नको, कोणी म्हणतं कर्ज फेडतो. कावळा शिवला की मानतात त्याची इच्छा पूर्ण झाली, तो सुटला. नाहीच शिवला तर भटजी दर्भाचा कावळा करतात आणि तो लावतात पिंडाला. चालतं शास्त्रात. पण घरातला प्रत्येक माणूस मनातून जाणून असतो की आला नव्हता.

तुमचे दोन सगळ्यात चांगले पिक्चर, माझ्या मते बरं का, वास्तव आणि काकस्पर्श, मधे तेरा वर्षं, एक लालबागसारख्या चाळीतला आणि एक कोकणातला सोवळ्याओवळ्याचा, आणि दोन्हीत मेलेल्या माणसाचं क्रियाकर्म आहे. मला वाटतं हे तुमच्याही लक्षात आलं नसेल. वास्तव सुरूच श्राद्धानं होतो. आईनं गोळी घातली, आईनंच पाण्याकडेला त्याचं वर्ष घातलं, नातवाला सगळं खरं सांगितलं. त्या माणसाचं आता काहीच उरलं नाही मागं. आमच्या आजीनं त्या रात्री पडवीत सांगितलं ते तेच, सुटलो झील. रघूच्या पिंडाला कावळा १९९९ लाच शिवलाय साहेब. हथियार हा दर्भाचा कावळा होता, तो लावायची गरज नव्हती, तरी लावलात, आम्ही काही बोललो नाही. आता तिसऱ्यांदा पान वाढू नका.

चुलतभाऊ वाचत असशील तर तुला, आणि तुझ्यासारखे जे जे कमेंटा टाकतायत आलाच पाहिजे आलाच पाहिजे, त्यांना पण सांगतो, मागताना नीट मागा. गॅलरी पाहिजे तर गॅलरी मागा. तुझ्या आईची खानावळ मागा. एक बाई नवरा गावाला निघून गेल्यावर दहा बाय दहाच्या खोलीत चाळीस डबे करते आणि दोन पोरगे वाढवते, त्यातला एक बिघडता बिघडता राहतो (तू, मला माहितीय, काकूनं सांगितलंय), यात पिक्चर नाही? यात मांजरेकरांना काय कमी आहे? जुनं फर्निचर २०२४ ला त्यांनी स्वतः केला की नाही, म्हातारा बाप आणि पोरगा, परत घरच. आवाज जरा चढा होता त्याचा, कोर्टात भाषणं जास्त झाली, पण हॉलमधले निम्मे लोक बाहेर पडल्या पडल्या घरी फोन लावत होते, मी पण लावला.

साहेब, आणि एवढं करूनही सिक्वेल करायचाच असेल, प्रोड्युसर बसलेत, तारखा मिळाल्यात, मला कळतं या गोष्टी पत्रांनी थांबत नाहीत, तर मग निदान रघूला फोटोत ठेवा. हार घातलेला, चाळीतल्या भिंतीवरचा फोटो. चाळ पाडायची नोटीस आलीय आणि तो फोटो नव्या टॉवरच्या भिंतीवर लावायचा की नाही यावर घरात भांडण लागलंय, तिथून सुरू करा. नातू म्हणतो लावू नका, बिल्डरची माणसं येतात जातात. शिवाजी साटम आहेत अजून, देव त्यांना आयुष्य देवो, ते खुर्चीत बसून ऐकतायत. पुढचं तुम्ही बघा, तुम्हाला सांगायला मी कोण. पैसे मागणार नाही या आयडियाचे, एक शो काकूला दाखवा फक्त, ती शहात्तरची आहे, एसीत तिला थंडी वाजते तेव्हा मागच्या रांगेत पंख्यापासून लांब जागा बघा.

आतेभावाला मी हे पत्र वाचून दाखवलं. त्याला चेनचा भाग काढून टाकायचा होता, मी म्हटलं नाही काढणार. मग तो आत गेला आणि आजीच्या जुन्या डब्यातून एक कागदाची पुडी घेऊन आला. ठेवली होती तिनं. पार काळी पडलीय, कडी तुटलीय. म्हणाला, त्यांना लिही, परत शूटिंगला लागली तर देतो म्हणून, खरीच पाहिजे असं काही नसतं ना त्यांना.

मी म्हटलं मी आत्ताच चार पानं भरून नको नको लिहिलंय, आणि तू काय चेन द्यायला निघालास.

म्हणाला, "लिव तरी."

म्हणून लिहिलं.

आपला,
मांगरातला एक प्रेक्षक
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग

ता.क. मे अखेरपर्यंत इकडं आलात तर आंबे आहेत. कापूनच देऊ.